पडद्यावर आलेल्या फातमा बेगम

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, की विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त नोकरी कशी मिळवायची यावर बोलू नका. ते मी पाळणार आहे. मी इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसभर माहिती साठवणं, शोधणं आणि ती हरवू न देणं हेच माझं काम आहे. जुन्या सिनेमाचा नाद मात्र त्याच्या आधीपासूनचा, अब्बांकडून आलेला. आज या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथल्या एका बाईंविषयी बोलतो.

त्यांचं नाव फातमा बेगम. हे नाव याआधी कुणी ऐकलंय? हात वर करा. तीन हात दिसतायत. इथे साठ-सत्तर जण बसले आहेत आणि जवळजवळ सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, म्हणजे दिवसातून दोन-तीन तास तरी पडद्यावर काहीतरी पाहणारी ही पिढी आहे. याच देशात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री म्हणून जिची नोंद आहे, ती हीच बाई. साल १९२६, शहर मुंबई.

आधी तो काळ समजून घेऊ. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यातली तारामती होती साळुंके नावाच्या पुरुषाची. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून खूप खटपट केली, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंकेंना साडी नेसवली. याच साळुंकेंनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

त्याच १९१३ साली फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, दोन स्त्रिया आल्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला. दोघी मराठी आणि ब्राह्मण घरातल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, मुलीला एकटीने वाढवत होत्या आणि पोटासाठी नाटकात काम करत होत्या. समाजाने त्यांना वाळीत टाकलं. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं. कारण मुस्लिम बाई सिनेमात आली असं म्हटलं, की लगेच ‘पडद्यातून बाहेर आलेली’ अशी कथा रचली जाते. जणू बाकीच्या घरांत मुलींना मोकळं रान होतं आणि बंदी फक्त आपल्याकडे. शंभर वर्षांपूर्वी ‘चांगल्या घरची बाई’ हा शिक्का सगळ्याच धर्मांत आणि सगळ्याच जातींत बाईला घरात ठेवायला वापरला जात होता. नावं वेगळी होती. कुठे सोवळं म्हणत, कुठे पडदा, कुठे खानदान. ज्यांनी तो शिक्का नाकारला त्यांतल्या बहुतेक जणींकडे पोट भरायला दुसरा मार्ग नव्हता किंवा कलेचं शिक्षण आधीपासून होतं. फातमा बेगम रंगभूमीवरून आल्या.

त्यांचा जन्म १८९२ चा. उर्दू रंगभूमीवर त्या काम करत. त्या काळी मुंबईतल्या पारशी नाटक कंपन्यांची नाटकं मोठ्या प्रमाणावर उर्दूत होत. परीकथा, राजपुत्र, जादू, शेरोशायरी असा सगळा थाट असे. तिथे उच्चार स्वच्छ लागत, पाठांतर लागे, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत भाव पोहोचवायची ताकद लागे.

त्यांना तीन मुली होत्या : सुलताना, जुबेदा आणि शहजादी. तिघीही पुढे सिनेमात आल्या.

१९२२ मध्ये अर्देशिर इराणींच्या स्टार फिल्म कंपनीने ‘वीर अभिमन्यू’ काढला. दिग्दर्शक मणिलाल जोशी. हा फातमा बेगम यांचा पहिला चित्रपट. त्या झाल्या सुभद्रा, आणि त्यांची मुलगी सुलताना झाली उत्तरा. म्हणजे महाभारतातली सासू-सून साकारली एका मुस्लिम घरातल्या आई-मुलीने. आज कुणी असं केलं तर मोबाइलवर काय काय फिरेल, याचा तुम्हीच अंदाज करा.

त्यांचं वय इथे लक्षात घ्या. १८९२ चा जन्म, १९२२ चा चित्रपट. तीस वर्षांच्या, तीन मुलींच्या आई. आजही नायिकेचं वय तीस झालं की लोक कुजबुजायला लागतात. आमच्या आयटीतसुद्धा मूल झाल्यावर परत येणाऱ्या मुलीला पहिल्या मुलाखतीत काय काय विचारतात, ते माझ्या सहकारी मैत्रिणींना विचारा. फातमा बेगम यांनी त्या वयात नवं माध्यम हातात घेतलं आणि दोन वर्षांत त्या मोठ्या नायिका झाल्या. १९२४ या एकाच वर्षात त्यांच्या नावावर ‘सती सरदारबा’, ‘पृथ्वी वल्लभ’, ‘काला नाग’, ‘गुल-ए-बकावली’ असे चित्रपट आहेत. ‘पृथ्वी वल्लभ’ कन्हैयालाल मुन्शींच्या गाजलेल्या गुजराती कादंबरीवरचा, तर ‘गुल-ए-बकावली’ आपल्याकडच्या जुन्या किश्श्यांमधला. एक इकडची कथा, एक तिकडची, आणि प्रेक्षक तेच. मूकपट होता, त्यामुळे भाषेचा अडसर नव्हता. मधल्या पाट्या दोन-तीन लिपींत असत. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी.

आता १९२६. नायिका म्हणून नाव झालंय, काम मिळतंय. अशा वेळी त्यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढली, फातमा फिल्म्स. पुढे १९२८ मध्ये तिचं नाव व्हिक्टोरिया-फातमा झालं. कंपनीच्या नावातच स्वतःचं नाव होतं. भावाचं किंवा बापाचं नाव पुढे केलेलं नव्हतं.

या कंपनीचा पहिला चित्रपट ‘बुलबुल-ए-परिस्तान’. दिग्दर्शन फातमा बेगम यांचं. विषय परीकथेचा, त्यामुळे ट्रिक फोटोग्राफी भरपूर. आज आपण कॉम्प्युटरवर जे करतो ते तेव्हा कॅमेऱ्याच्या आतच करावं लागे. परी हवेत दाखवायची असेल तर एकदा फिल्मवर दृश्य घ्यायचं, ती फिल्म अंधारात मागे गुंडाळायची आणि त्याच पट्टीवर दुसरं दृश्य घ्यायचं. किती फेरे मागे गेलो हे मोजत बसायचं. मोजणी चुकली तर दोन्ही दृश्यं वाया, कारण तेव्हा ‘अनडू’चं बटण नव्हतं. अशा प्रकारचा खर्चीक चित्रपट पहिल्याच खेपेला हातात घेणं, हे मला त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत धाडसी पाऊल वाटतं. कमी खर्चाची कौटुंबिक गोष्ट घेऊनही सुरुवात करता आली असती.

त्यानंतर तीन वर्षांत ‘गॉडेस ऑफ लव्ह’, ‘हीर रांझा’, ‘चंद्रावली’, ‘कनकतारा’, ‘मिलन दिनार’, ‘नसीब नी देवी’, ‘शकुंतला’ असे चित्रपट त्यांनी केले. नावांकडे बघा. पंजाबची हीर, कालिदासाची शकुंतला, परिस्तानातली परी. त्यांच्या दृष्टीने या सगळ्या गोष्टी त्यांच्याच होत्या. आणि हे सगळं करताना कोहिनूर आणि इम्पीरियल या मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांत त्या नटी म्हणून कामही करत होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर नोकरी सांभाळून स्टार्टअप चालवत होत्या.

त्या एकट्याही नव्हत्या. त्याच सुमारास बोहरा कुटुंबातल्या गोहर ‘टायपिस्ट गर्ल’, ‘गुणसुंदरी’ अशा चित्रपटांतून नाव कमावत होत्या. १९२९ मध्ये चंदुलाल शहांबरोबर त्यांनी दादरला रणजित कंपनी सुरू केली आणि ती पुढे हिंदी सिनेमातली सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. पुण्यात जन्मलेल्या ज्यू कुटुंबातल्या रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून ‘सुलोचना’ झाल्या आणि मूकपटाच्या सर्वांत मोठ्या तारका ठरल्या. मुस्लिम, ज्यू, अँग्लो-इंडियन अशा घरांतल्या मुलींनी आपल्या सिनेमाची पहिली वीस वर्षं उभी केली. ही यादी तुम्हाला कुठल्या शाळेच्या पुस्तकात दिसली का?

आता मुलीकडे येऊ. जुबेदा, जन्म १९११. बारा-तेरा वर्षांची असताना कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आज आपण त्याला बालमजुरी म्हणू, आणि म्हणायलाच हवं. आईच्या कौतुकात मुलीचं हरवलेलं बालपण झाकायचं कारण नाही. पण जुबेदाने काम असं केलं, की १९२७ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावरच्या ‘बलिदान’मध्ये ती सुलोचनांबरोबर होती, आणि चार वर्षांनी तिच्यासमोर ती संधी आली जी देशात एकाच मुलीला मिळणार होती.

१४ मार्च १९३१. गिरगावचं मॅजेस्टिक थिएटर. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. दिग्दर्शक अर्देशिर इराणी. नायक मास्टर विठ्ठल, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या कंपनीत तयार झालेला मराठी गडी. नायिका जुबेदा. चित्रीकरण ग्रँट रोडजवळच्या इम्पीरियल स्टुडिओत. शेजारून रेल्वे जात असे, आणि तो आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून गाड्या थांबल्यावर मध्यरात्रीनंतर काम चाले. आधीच्या वर्षापर्यंत दिग्दर्शक ओरडून सूचना देत असे, बाजूला सुतार खिळे ठोकत असत, कुणाचं काही अडत नसे. आता सगळा स्टुडिओ श्वास रोखून उभा.

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग तुमच्या-माझ्या कामाचा आहे. तंत्रज्ञान बदललं आणि एका रात्रीत कामाची अट बदलली. मूकपटात मास्टर विठ्ठल तलवारबाजी आणि घोडेस्वारीचा बादशहा. हिंदुस्तानी संवादांवर मात्र त्यांची मदार नव्हती, त्यामुळे त्यांच्या पात्राचं बोलणं कमी ठेवलं गेलं. सुलोचना एवढ्या मोठ्या तारका, पण त्यांनाही थांबून भाषा शिकावी लागली, तेव्हा त्या १९३२ मध्ये ‘माधुरी’ बोलपटातून परत आल्या. जुबेदाच्या घरात मात्र ती भाषा होतीच. आई उर्दू रंगभूमीची. जी गोष्ट मूकपटात दहा वर्षं कुणाच्या कामाची नव्हती, ती अचानक सर्वांत मोलाची ठरली.

याची दुसरी बाजूही आहे. बोलपटासाठी ध्वनियंत्रं परदेशातून आणावी लागत, स्टुडिओ बंदिस्त करावे लागत. भांडवल कैक पटींनी वाढलं आणि मूकपटाच्या काळातल्या अनेक छोट्या कंपन्या बंद पडल्या. फातमा बेगम यांच्या दिग्दर्शनाची यादी १९२९ ला संपते. नटी म्हणून त्या पुढे काही वर्षं दिसतात, शेवटचा चित्रपट १९३८ चा, ‘दुनिया क्या है’. त्यानंतर त्या पंचेचाळीस वर्षं जगल्या. १९८३ मध्ये गेल्या. जुबेदा १९८८ मध्ये गेल्या. म्हणजे आपले आई-बाप शाळा-कॉलेजात होते तेव्हा या दोघी हयात होत्या. ऐंशीच्या दशकातलं घराघरातलं दूरदर्शन आठवा. भारताची पहिली स्त्री दिग्दर्शक आणि पहिल्या बोलपटाची नायिका, दोघी त्याच काळात जिवंत होत्या.

आणि आज? फातमा बेगम यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट पाहायला मिळत नाहीत. ‘आलम आरा’चीही एक प्रत उरलेली नाही. भारतात हजारावर मूकपट निघाले, त्यांतले थोडेच उरले आणि त्यांतलेही बरेचसे तुकड्यांत. कारण साधं आहे. ती फिल्म नायट्रेटची होती. भुकटी होऊन जाई, आणि झटकन पेट घेई. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असे. चित्रपट जुना झाला की रिळं चांदी काढण्यासाठी विकली जात. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ मध्ये. तोवर बहुतेक सगळं गेलं होतं. उरलेल्यांतलंही काही २००३ च्या पुण्यातल्या आगीत गेलं.

मी ज्या क्षेत्रात आहे तिथे एक नियम पहिल्या महिन्यात शिकवतात. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा. या बायकांच्या कामाच्या बाबतीत हे झालं नाही. म्हणून आज आपल्या हातात राहिलं काय? नावं, सालं, काही फोटो. तीही नीट नाहीत. कुठे ‘फातमा’ लिहिलंय, कुठे ‘फातिमा’. इंटरनेटवर एका स्पेलिंगने शोधलं तर निम्मी माहिती सापडतच नाही. जुबेदाचंही तेच. नाव नीट लिहिलं नाही तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो माणूस नसल्यासारखाच.

नावाचा विषय निघालाच आहे तर घरातली एक गोष्ट सांगतो. माझ्या खालाची मुलगी तालुक्याच्या गावात राहते. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. हात इतका चांगला आहे, की आजूबाजूच्या चार गावांतून काम येतं. ती रात्री बसून काम करते, आणि व्हिडिओच्या शेवटी नाव येतं तिच्या भावाच्या स्टुडिओचं. तिला शहरात जाऊन एडिटिंगचा रीतसर कोर्स करायचा होता. खाला मला म्हणाली, “शिकू दे रे तिला, मी कुठे नाही म्हणते. पण उद्या स्थळ आलं आणि मुलगी काय करते म्हणून विचारलं, तर मी काय सांगू?”

खालाला मी दोष देत नाही. तिची भीती खोटी नाही, ती ज्या मोहल्ल्यात राहते तिथे लोक खरोखरच विचारतात. मी तिला फातमा बेगम यांची गोष्ट सांगितली. ती ऐकून खाला म्हणाली, “त्या मोठ्या बायका. आपलं तसं नाही.” तिचं हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या बायकांनी काही केलं, तर आपण एक तर ते लपवतो, नाही तर त्यांना ‘मोठ्या’ करून आपल्यातून वेगळं काढतो. दोन्हींचा परिणाम एकच. मुलीला वाटतं, आपल्यासारखं कुणी आधी नव्हतंच.

याच्या जोडीला बाहेरून दुसरी गोष्ट ऐकवली जाते, की मुस्लिम बाई म्हणजे कायमची दबलेली, तिला कुणीतरी येऊन सोडवायचं आहे. घरातून ऐकू येतं की आपल्या बायका असलं काही करत नाहीत. बाहेरून ऐकू येतं की यांच्या बायकांना काही करताच येत नाही. भांडणारे हे दोघे या एका मुद्द्यावर मात्र एकमेकांशी सहमत असतात. फातमा बेगम यांची सालवार यादी दोघांपुढे ठेवा. वाद घालायची गरज पडत नाही. १९२२ पहिली भूमिका, १९२६ कंपनी आणि दिग्दर्शन, १९२९ पर्यंत आठएक चित्रपट.

मात्र या यादीवरून आपली पाठ थोपटून घेऊ नका. या बायकांना समाजाने डोक्यावर घेतलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या त्या समाजाच्या पाठिंब्याशिवाय, बरेचदा त्याच्या टोमण्यांसह. आज अभिमान बाळगायचा असेल तर तो हक्क मिळवावा लागेल, आणि तो आपल्या घरातल्या मुलीला आज आपण काय म्हणतो यावरून मिळेल. खालाच्या मुलीचं प्रकरण अजून चालू आहे. कोर्सची फी भरायला मी तयार आहे, भाऊ तयार आहे, खालाचं मन अजून वळलेलं नाही. निदान एवढं झालंय, की गेल्या दोन महिन्यांपासून व्हिडिओच्या शेवटी भावाच्या स्टुडिओखाली लहान अक्षरांत तिचं नाव येतं. भावानेच घातलं.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. कठीण एकही नाही.

पहिली. घरी जाऊन दादी, नानी, फुफी यांच्याशी बोला. कुणी शिवणकाम करून घर चालवलं असेल, कुणी शाळेत शिकवलं असेल, कुणी मोहरमला मर्सिया म्हणत असेल, कुणी रेडिओवर गायलं असेल. मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. जुने फोटो स्कॅन करा आणि फोटोतल्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव लिहा. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बीवी’ एवढ्यावर थांबू नका. तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

दुसरी. मराठीत लिहा. या नट्यांविषयी इंग्रजीत थोडंफार सापडतं, मराठीत फार कमी. मुंबईत, कोल्हापुरात, पुण्यात घडलेला हा इतिहास आहे. विकिपीडियावर मराठी लेख कुणीही लिहू शकतं. दोन-दोन जणांनी मिळून एक नाव घ्या. खात्रीचं असेल तेवढंच लिहा आणि नावाची सगळी स्पेलिंग्ज नोंदवा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

तिसरी मुलांसाठी आहे. घरात बहिणीने, बायकोने, आईने केलेल्या कामावर तुमचं नाव जात असेल, मग ते दुकान असो, ट्यूशन असो वा यूट्यूबचं चॅनल, तर तिचं नाव घाला. त्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागत नाही.

जेवणाची वेळ होत आली आहे, पण त्याआधी दहा मिनिटं आहेत. प्रश्न विचारा. आणि आधी मुलींनी विचारा.